आरोपीच्या पिंजऱ्यातली माणसे

मराठी रंगभूमीवर कोर्टाचा खरा जम बसला तो ‘तो मी नव्हेच’पासून. आचार्य अत्रे यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत झाला. ‘नाट्यनिकेतन’ची निर्मिती आणि मो. ग. रांगणेकरांचे दिग्दर्शन असलेल्या या नाटकाला आधार होता माधव काझी या भामट्यावरील गाजलेल्या खटल्याचा. फिरता रंगमंच ही त्याची नवलाई. साक्षीदार बोलू लागला की मंच फिरे आणि कोर्टाच्या जागी त्याची हकिगत प्रत्यक्ष घडू लागे. प्रभाकर पणशीकर एकाच भामट्याची पाच सोंगे वठवत, आणि निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे म्हणून पिंजऱ्यात उभे राहून स्वतःच साक्षीदारांची उलटतपासणी घेत. प्रेक्षकाला कायद्यापेक्षा लखोबाच्या बेरकीपणाचे कौतुक अधिक होते. न्यायाधीश निःपक्षपाती आहेत, कोर्ट सत्य शोधून काढील, हे नाटकात आणि प्रेक्षागृहातही गृहीत होते.

हे गृहीत पाच वर्षांत नाटककार विजय तेंडुलकर यांनी मोडले. ते गिरगावातल्या कांदेवाडीत वाढले. त्या भागातला कारकून, शिक्षक, अशील नसलेला वकील आणि सभा-समित्यांत रमणारा समाजसेवक त्यांना नीट ठाऊक होता. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक 1967 साली ‘रंगायन’ने राज्य नाट्यस्पर्धेत सादर केले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या हौशी मंडळींचे बोलणे कानावर पडले आणि त्यातून नाटक सुचले, असे तेंडुलकर सांगत. नाटकातली मंडळीही तशीच आहे: मुंबईहून खेडेगावात आलेली. रात्रीच्या खेळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालायचा असतो. तोवर वेळ जात नाही म्हणून गमतीखातर बेणारेबाईंवर आरोप ठेवला जातो, भ्रूणहत्येचा.

सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचे बोट चेमटते. पुढे ती निघून जायला बघते तेव्हा तीच कडी बाहेरून लागलेली असते. न्यायाधीश झालेले काशीकर कान कोरत बसतात, त्यांच्या पत्नीचे विणकाम चालू असते आणि वकील सुखात्मे यांना अखेर अशील मिळाल्यासारखा उत्साह येतो. इथे कोर्ट खोटे आहे, पण त्याची भाषा खरी आहे: आरोपी, साक्ष, पुरावा, समाजस्वास्थ्य. मध्यमवर्गाने ही भाषा केवढ्या सहजतेने तोंडपाठ केली होती, हे या नाटकाइतके उघडे कुणीच पाडलेले नाही. सत्यदेव दुबे यांनी 1971 मध्ये त्यावर चित्रपट केला.

नाटककारांना खऱ्या कोर्टाची वाटही तुडवावी लागली. ब्रिटिश सरकारने 1876 मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आणला होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 मध्ये बंदी आली. पुढे पोलीस कायद्याखाली प्रयोगाआधी संहिता तपासून घेणे राज्यात सक्तीचे राहिले. 1972 मध्ये तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ या तपासणीत अडकले तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले.

परळ-लालबागच्या गिरणगावाची गोष्ट वेगळी. तिथे नाट्यगृहाइतकाच गिरणीचा दरवाजा आणि चाळीचा चौक हा मंच होता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांचे लाल बावटा कलापथक 1940च्या दशकात याच वस्तीत गाजले आणि सरकारी बंदीही त्याच्या वाट्याला आली. शाहिराला डफ, तुणतुणे आणि गर्दी पुरे. म्हणूनच सरकारला त्याची धास्ती अधिक. तरीही हा शाहीर कोर्टनाट्याचा नायक व्हायला बराच काळ गेला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटाने त्याला पिंजऱ्यात आणले. झारखंडमधील आदिवासी लोकगायक जितन मरांडी यांच्यावरील खटल्यातून या चित्रपटाची प्रेरणा आली. चित्रपटातला नारायण कांबळे हा मुंबईतला वयस्कर दलित लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली, संगीत संभाजी भगत यांचे.

मृत कामगाराच्या बायकोची साक्ष हा चित्रपटाचा गाभा. तिचा नवरा खाली उतरण्यापूर्वी आत दगड टाकी. झुरळे बाहेर आली तर हवा आहे. नाही आली तर उतरायचे नाही. सुरक्षेची साधने त्याला मिळत नसत, वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिई. हे सारे ती एकसुरी सांगते आणि कोर्ट ते कारकुनी इमानाने नोंदवून घेते. याच कोर्टात एका बाईची तारीख पुढे जाते, कारण ती बिनबाह्यांचे कपडे घालून आलेली असते. बचाव पक्षाचा वकील गुजराती, सरकारी वकील आणि न्यायाधीश मराठी. कामकाज मराठी, हिंदी आणि इंग्रजीत घरंगळत राहते. ऑस्ट्रेलियातल्या ‘द सर्किट’ (2007) या मालिकेत मॅजिस्ट्रेट किंबर्ली भागातल्या दूरच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत फिरत्या कोर्टासह जातो. ‘कोर्ट’मधले अंतर मैलांचे नाही. वस्ती आणि न्यायालय एकाच शहरात आहेत, तरी एकाचे जगणे दुसऱ्याला फक्त साक्षीपुरते दिसते.

व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला ओरिझोंती विभागाचे पारितोषिक मिळाले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान. त्यातला शाहीर मात्र जामिनावर सुटून पुन्हा पकडला जातो, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि रिकाम्या दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात.