टेप थांबत नाही: गळालेल्या फ्रेमची कुळकथा

मिनीडीव्ही कॅसेट संगणकात उतरवताना ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा वाढू लागला की बहुतेक जण आधी हार्ड डिस्कवर संशय घेतात. एके काळी तो संशय रास्त होता. आज तो बहुधा चुकीचा ठरतो. हे समजायला या दोषाचे कूळ पाहावे लागते, आणि ते एक नाही, दोन आहेत.

थोरले कूळ टेपचे. अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये शिकागोत आपला व्हिडिओ टेप रेकॉर्डर दाखवला, तेव्हापासून टेपवरच्या चुंबकीय लेपाला कुठे खोट असली की पडद्यावर तेवढ्यापुरता ओरखडा उमटे. त्याला ड्रॉपआउट म्हणत. त्यावर पुढे उपाय निघाला तो झाकण्याचा: हरवलेल्या रेषेच्या जागी आधीची रेषा भरायची. डिजिटल टेपनेही पुढे हीच रीत उचलली.

धाकटे कूळ संगणकाचे. १९९२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचे ‘व्हिडिओ फॉर विंडोज’ आले. व्हीसीआरमधून येणारे चित्र डिस्कवर लिहिताना संगणक मागे पडला की तो फ्रेम सोडून द्यायचा आणि किती सोडल्या ते सांगायचा. दोष अनेकदा खरोखरच डिस्कचा असे. तापमान बदलले की त्या काळच्या डिस्क मध्येच क्षणभर थांबून आपल्या हेडची जागा नव्याने जुळवून घेत. एरवी हे कुणाच्या लक्षातही आले नसते, पण व्हिडिओ उतरवताना तेवढ्या वेळात फ्रेम निसटत. म्हणून व्हिडिओसाठी खास ‘एव्ही’ डिस्क विकल्या जात.

ही दोन कुळे १९९५ मध्ये एकत्र आली. त्या वर्षी डीव्ही टेप बाजारात आली आणि सोनीच्या व्हीएक्स १००० कॅमेऱ्याला संगणकाशी जोडणाऱ्या फायरवायरचे तोंड मिळाले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत टेप वाचणारा फिरता हेड-ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १५०. सेकंदाला २५ फ्रेम, तेव्हा एका फ्रेमच्या वाट्याला सहा फेरे. ड्रमवर हेड दोन, म्हणून एक फ्रेम टेपवर बारा तिरप्या पट्ट्यांत पसरते. प्रत्येक पट्टी जेमतेम १० मायक्रॉन रुंद. फ्रेम भरते १,४४,००० बाइटची, म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट आणि तासाला सुमारे १३ जीबी.

खरी मेख पुढे आहे. फायरवायरवरून डीव्हीचा प्रवाह ठरलेल्या वेळी येतो आणि निघून जातो. पोच नाही, चुकले तर पुन्हा पाठवणे नाही. फाइल कॉपी करताना संगणक अडखळला तर कॉपी थोडी उशिरा पूर्ण होते, इतकेच. टेप मात्र कुणासाठी थांबत नाही.

म्हणून त्या काळी उपायांची एक परंपराच तयार झाली. व्हिडिओ स्वतंत्र डिस्कवर घ्यायचा, ती डीफ्रॅग करायची, अँटिव्हायरस आणि स्क्रीनसेव्हर बंद ठेवायचे. विंडोज एक्सपीत एक छुपा सापळा होता. डिस्कच्या चुका साठत गेल्या की ती डीएमए ही वेगवान पद्धत सोडून गुपचूप संथ पीआयओ पद्धतीवर उतरे, आणि कालपर्यंत धावणारा संगणक धापा टाकू लागे. महाराष्ट्रात लग्न-मुंजीची शूटिंग मिनीडीव्हीवर होऊ लागली तेव्हा एडिटिंग करणाऱ्यांनी हे सारे करून पाहिले. फॅट३२ डिस्कवर वीसेक मिनिटांत कॅप्चर थांबायचे तेही अनुभवले. तिथे फ्रेम गळत नव्हती, ४ जीबीची मर्यादा भरत होती.

आजच्या डिस्कला सेकंदाला ३६ लाख बाइट म्हणजे काहीच नाही. तरी आकडा वाढत असेल तर माझ्या मते पहिला प्रश्न एकच: फ्रेम कोणी गमावली, टेपने की संगणकाने? याची परीक्षा सोपी आहे. तोच भाग दोनदा उतरवावा. दोन्ही वेळा त्याच टाइमकोडवर, म्हणजे टेपवर नोंदलेल्या त्याच वेळेवर, घोटाळा झाला तर टेपकडे पाहावे. जागा बदलत राहिल्या तर संगणक, केबल किंवा कॅमेऱ्याचे हेड तपासावे. चित्रात आडव्या पट्ट्यांनी चौकोन फुटत असतील तर बहुधा एक हेड मळलेले असते. ते साफ होईपर्यंत संगणकाला हात लावण्यात अर्थ नाही.

कधी कधी मुळात काहीच गळलेले नसते. शूटिंग करणाऱ्याने मध्ये टेप मागे-पुढे करून पाहिलेली असते, पुढचा शॉट थोडी कोरी जागा सोडून सुरू होतो, टाइमकोड तुटतो आणि सॉफ्टवेअर त्यालाच गळती समजते. अशा वेळी ‘फ्रेम गळताच थांबा’ ही सूचना बंद करून टेपचे तुकडे वेगवेगळे उतरवावेत.

याच्या उलटचा धोका जास्त फसवा आहे. आकडा शून्य दिसतो, पण चित्रातल्या, कॅमेऱ्याला वाचता न आलेल्या चौकोनांच्या जागी आधीच्या फ्रेममधले चौकोन भरलेले असतात. झाकल्याची ही खूण डीव्हीच्या डेटातच नोंदलेली असते, नेहमीचे कॅप्चर सॉफ्टवेअर मात्र ती दाखवत नाही. संग्रहपालांसाठी बनलेले ‘डीव्हीरेस्क्यू’ हे मुक्त सॉफ्टवेअर ती वाचते आणि एकाच टेपच्या अनेक कॅप्चरमधले चांगले चौकोन निवडून एक फाइल जुळवते. दोनदा उतरवण्याचे कष्ट इथे दुसऱ्यांदा कामी येतात.

ॲपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायर काढून टाकले. कपाटात कॅसेट असतील तर फायरवायरचे तोंड असलेला जुना संगणक आणि चालू कॅमेरा भंगारात देऊ नका.