झोळीला किती खांदे लागतात?

पिवळं कार्ड म्हटलं की बाहेरच्याला रेशन आठवतं. आपल्या मोलगी भागात सिकलसेलही आठवतो. पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे रुग्ण.

या आजाराचा इतिहास मोठा आहे. 1910 मध्ये अमेरिकेत डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशींची पहिली नोंद केली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवून दिलं की दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे. 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार आढळला. आणि राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं 1 जुलै 2023 ला. मधे 71 वर्षं गेली! महाराष्ट्राने त्याआधीच आपला कार्यक्रम सुरू केला होता, हेही मान्य करू.

पण लाल कार्डवाल्या पोराचे हातपाय रात्री दुखायला लागले, तर नुसत्या तपासणीने भागत नाही.

हे जगात ज्यांनी ओळखलं, त्यात लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आघाडीवर. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि 1957 मध्ये डॉक्टर झाल्या. दुखणं अंगाचं असतं, तसंच मनाचं, घराचं, पैशाचंही असतं, असं त्या सांगायच्या. 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं केलं. तिथे डॉक्टर, नर्स, समाजसेवक एकत्र काम करत. आपल्या देशात केरळने ते गावात नेलं. 1993 मध्ये कोझिकोडला संस्था सुरू झाली, पुढे शेजारपाजारचे लोक स्वयंसेवक झाले, आणि 2008 मध्ये सरकारने धोरणच केलं.

आता आपलं बघा. मी स्वतः झोळीला खांदा दिलाय. दोघं बांबू उचलतात, दोघं बदलीला चालतात, एक जण पुढे वाट दाखवतो. कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. पण झोळी रस्त्याला लागली की ही टीम सुटते. पुढे रुग्ण एकेका टेबलाला एकटाच भेटतो.

आपल्या पोराला कोण कोण लागतं? रक्त तपासणारा टेक्निशियन, हायड्रॉक्सीयुरिया चालू ठेवणारा डॉक्टर, लग्नाआधी दोन्ही घरांशी बोलणारा समुपदेशक, पाड्यावर जाणारी आशाताई. आश्रमशाळेत पोराला पाणी पाजणारे, थंडीत जपणारे गुरुजी. एसटीची सवलत आणि 2016 च्या कायद्यानुसार दिव्यांग प्रमाणपत्र मिळवून देणारा कुणीतरी. ऊसतोडीला गेल्यावर गोळ्या सोबत आहेत का, हे विचारणारा मुकादमसुद्धा. आणि भगतालाही बाहेर ठेवू नका, कारण बऱ्याच घरांत पहिला निरोप त्यालाच जातो.

ही माणसं बहुतेक आहेतच. ती महिन्यातून एकदा एका खोलीत बसत नाहीत, एवढंच. लाल कार्डांची यादी समोर ठेवून प्रत्येक नावापुढे एक जबाबदार माणूस लिहायचा, याला मोठा निधी लागत नाही.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुम्ही आपापल्या गावात मांडा. काय झालं ते इथे कळवा.