पाळीव कुत्र्याला खाज सुटली आहे? घरी काय करावे, काय टाळावे

हातावर, पोटावर खाजणारे पुरळ घेऊन कोणी दवाखान्यात आले की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "घरात कुत्रा आहे का? तोही खाजवतो का?" अनेकदा उत्तर 'हो' असते. कुत्र्याचे निदान आणि औषधे हे पशुवैद्यकांचे काम आहे. पण घरी काय करता येते आणि कोणत्या चुका महागात पडतात, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

खाजेची नेहमीची कारणे

- पिसवा: शेपटीच्या मुळाशी व कमरेवर खाज, केसांत काळी पूड. ही पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाकल्यावर लालसर डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी.
- गोचीड: कान, मान, बोटांच्या बेचक्यात चिकटलेले दिसतात.
- खरूज: कानांच्या कडा व कोपरांवर तीव्र खाज, केस गळणे, खपल्या.
- गजकर्ण: केस गेलेले गोल चट्टे. खाज कमीही असू शकते.
- अ‍ॅलर्जी: सतत पंजे चाटणे, कान खाजवणे, वारंवार त्रास होणे.

घरी काय करता येईल?

- गार किंवा किंचित कोमट पाण्याने, कुत्र्यांसाठीच्याच शाम्पूने अंघोळ घाला. गरम पाण्याने खाज वाढते. अंगाची घडी न् घडी कोरडी करा, विशेषतः पावसाळ्यात.
- साधे ओट्स बारीक दळून पाण्यात मिसळा आणि ते पाणी अंगावर काही मिनिटे ठेवून धुवा. तात्पुरता आराम मिळतो.
- गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. हातमोजे घाला, बोटांनी चिरडू नका.
- त्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवा, घराचे कोपरे व सोफा झाडून घ्या. पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्याच्या अंगापेक्षा घरातच जास्त असतात.

हे अजिबात करू नका

- जळके ऑईल, रॉकेल, फिनेल किंवा जंतुनाशक द्रव लावू नका. त्वचा भाजते, आणि चाटल्यावर विष पोटात जाते.
- माणसांची मलमे लावू नका. झिंक ऑक्साइड असलेली मलमे व कॅलामाइन चाटल्यास अपाय होतो.
- आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.
- आयव्हरमेक्टिन विचारल्याशिवाय देऊ नका. कॉलीसारख्या काही जातींत ते जीवघेणे ठरू शकते.
- घरात मांजर असेल, तर कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे औषध तिला लावू नका आणि तिच्यापासून दूर ठेवा. मांजरीसाठी ते विषारी आहे.

घरातील माणसांनी काय पाहावे?

कुत्र्याची खरूज माणसाला लागू शकते, पण तो किडा आपल्या त्वचेत फार काळ टिकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की पुरळ सहसा ओसरते. गजकर्ण मात्र पसरते, त्यासाठी माणसालाही उपचार लागतात. औषध दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका. सुरुवातीला बरे वाटते, पण आत बुरशी वाढत राहते आणि पुढे निदानही अवघड होते. डॉक्टरांना घरातील कुत्र्याबद्दल आवर्जून सांगा.

दुखऱ्या जागी हात लावल्यावर शांत कुत्राही चावतो. चावल्यास किंवा ओरखडा काढल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट लावू नका. 'आपल्याच घरचा आहे' म्हणून रेबीजच्या लसीचा निर्णय स्वतः घेऊ नका.

पशुवैद्यकांकडे कधी न्यावे?

- दोन दिवसांत खाज कमी झाली नाही तर
- त्वचा ओली, पू असलेली किंवा दुर्गंधी येणारी असल्यास
- कानातून घाण येत असल्यास, डोके सतत हलवत असल्यास
- पिल्लू असल्यास किंवा घरातील माणसांनाही खाज असल्यास
- गोचीड झाल्यानंतर ताप, सुस्ती, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसल्यास त्याच दिवशी न्या. हा गोचीड ताप असू शकतो. वेळेवर उपचार झाल्यास तो बरा होतो, उशीर मात्र जिवावर बेतू शकतो.