भेसळ नसती तरी

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं औषध घेऊन मुलं गेली, तेव्हापासून एकच निष्कर्ष कानावर येतो: दोष भेसळीचा. नामांकित कंपनीची बाटली घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं घ्या, मग खोकल्याच्या औषधाची धास्ती नको.

यातलं खरं आधी मान्य करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तामिळनाडूच्या सरकारी तपासणीत, त्या मुलांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं. मूत्रपिंडं निकामी करणारं हे विष. छिंदवाड्यातली कितीतरी मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. मुंबईला तर या विषाची जुनी ओळख आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले, चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. भेसळ करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी.

पण त्या बाटलीत विष नसतं, तरी ती त्या लेकरांना द्यायची होती का? तिच्यात पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन होतं. यातल्या शेवटच्या दोहोंचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हा इशारा लेबलावर छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. दगावलेली बहुतेक मुलं पाचाच्या आतली. पुढे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही सांगितलं की २ वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत, आणि ५ वर्षांखाली सहसा देऊ नयेत. म्हणजे शुद्ध औषधही तिथं गैरलागूच होतं.

आता चिठ्ठीचा भरवसा. चिठ्ठी बरोबर असली तरी चूक स्वयंपाकघरात होते. आमच्या घरातले 'चहाचे चमचे' मी औषधाच्या मापात पाणी ओतून मोजले. एकात ३ मिली मावलं, दुसऱ्यात जवळपास ७. दोन्ही आम्ही 'एक चमचा'च म्हणत होतो. बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज हाच खरा चमचा. त्याहून घातक घोटाळा थेंबांचा आणि सिरपचा. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलीत १२५. थेंबांची बाटली सिरप समजून ५ मिली पाजली, तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० पुरतं. शिवाय सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल असताना वर तापाचं वेगळं पाजणं, हे तर घरोघरी चालतं. म्हणून डॉक्टरांना नुसतं वय नव्हे, आजचं वजनही सांगा, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या समोर ठेवा.

"मग रात्रभर खोकणाऱ्या पोराला काय द्यायचं?" या प्रश्नामागची तगमग मला कळते. पण विषाणूचा खोकला सिरपनं लवकर बरा होत नाही. तो दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तिसऱ्या दिवशी "गुण येईना" म्हणून मात्रा वाढवणं चूकच. वर्ष उलटलेल्या मुलाला अर्धा चमचा मध द्या, वर्षाच्या आतल्याला मुळीच नको. कोमट पाणी, वरण-भाताचं पाणी देत राहा. मात्र श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध सोडत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर बाटली शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.