मेंढरांचा वाडा शेतातून का उठला?



आपल्या गोदाकाठच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी, हरभरा निघाला की शेत काही महिने मोकळं राहायचं. त्या मोकळ्या शेतात पाहुणे उतरायचे. पुढं मेंढरांचा कळप, मागं दोन-चार घोडी, घोड्यांच्या पाठीवर वाघर, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, वर एखादं तान्हं पोर आणि कोंबड्या. हा धनगरांचा वाडा. वाडा म्हणजे इथं दगडमातीचं घर नव्हे. मेंढरं घेऊन एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांना वाडा म्हणतात. रात्री दोरीची जाळी, म्हणजे वाघर, खुंट्यांवर ताणायची, तिच्या आत मेंढरं बसवायची, शेजारी तीन दगडांची चूल मांडायची. दोन-चार रात्री झाल्या की वाडा पुढच्या शेतात.

पुणतांबा, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यातल्या जुन्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आज असे मुक्काम फार थोडे उरले आहेत. ते का उठले आणि त्यात आपल्या जमिनीचं काय गेलं, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी तांडा गेला, वाडा राहिला

शेतात मुक्काम करणारे धनगर एकटेच नव्हते. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून जायचं. ते नेणारे लमाणांचे तांडे वाटेवर, पाण्याच्या आसऱ्यानं उतरायचे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि पुणतांब्याला स्टेशन आलं. गोणी आता डब्यातून जाऊ लागल्या. बैलांच्या तांड्यांचं काम संपत गेलं.

वाड्याचं काम मात्र रेल्वेला करता येण्यासारखं नव्हतं. धनगर खत घेऊन यायचा, आणि ते खत स्वतःच्या पायांनी चालत यायचं. गाडीभाडं नाही, उकिरडा उपसणं नाही, पाट्या वाहणं नाही.

त्याच १८७८ साली नवा वन कायदा झाला. राखीव जंगलात चराईवर बंधनं आली. त्यामुळं मेंढपाळाला शेतकऱ्याच्या मोकळ्या रानाची गरज पूर्वीपेक्षा जास्त भासू लागली. इकडं शेतकऱ्यालाही खत हवंच होतं. दोघांची गड जमली.

व्यवहार कसा होता?

नगर जिल्ह्यात धनगर समाजाची वस्ती जुनी आहे. अहिल्यादेवी होळकर याच समाजातल्या. त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पुणतांब्याला गोदावरीवर त्यांनी बांधलेला घाट आहे, आणि जिल्ह्याला आता त्यांचंच नाव दिलेलं आहे. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी हे मेंढपाळांचं मोठं गाव. तिथले वाडे दिवाळीच्या सुमाराला घाट उतरून कोकणात जातात, भात निघालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परततात. कोकणात पाऊस फार, तिथं मेंढरं टिकत नाहीत. देशावर उन्हाळ्यात चारा नसतो. म्हणून ही वर्षाची फेरी.

या वाटेवरचं प्रत्येक मोकळं शेत म्हणजे वाड्याचा एक मुक्काम. शेतकरी वाड्याच्या कारभाऱ्याला गाठून रात्री ठरवायचा. मोबदला म्हणून ज्वारी-बाजरी, कधी डाळ-गूळ, पुढं रोख पैसे. दिवसा मेंढरं धसकटं, पाला, बांधावरचं गवत खायची. रात्री त्याच रानात लेंड्या आणि मूत पडायचं. लोकर कातरली की ती सणगराकडं जायची आणि घोंगडी होऊन शेतकऱ्याच्याच खांद्यावर यायची.

या खताची ताकद आता आकड्यांत सांगता येते. वाळलेल्या लेंडीखतात साधारण ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश असतं. साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का भरतं. शिवाय गोठ्यातलं मूत बहुधा वाया जातं. मेंढरू रानात बसलं की ते जागेवर मुरतं. बसवलेलं रान पुढची दोन-तीन पिकं ओळखू येतं, असं जाणती माणसं म्हणत ती उगाच नव्हे.

यात भांडणं नव्हती असं मात्र समजू नका. मेंढरं शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरली की कज्जा व्हायचा. ठरलेलं धान्य देताना कुणी हात आखडायचा. पण पुढच्या साली एकमेकांची गरज पडणारच, हे दोघांनाही ठाऊक असल्यानं भांडण तुटेपर्यंत ताणलं जात नसे.

पाणी आलं, मोकळं रान गेलं

नाशिक जिल्ह्यातलं दारणा धरण १९१६ साली पुरं झालं. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे-उजवे कालवे आपल्या भागात आले. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली झालं. जिथं एक रब्बी पीक निघायचं तिथं ऊस उभा राहिला. १९२० च्या दशकात हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना सुरू झाला. पुढं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या हंगामात चालू झाला, आणि मग आजूबाजूला कारखान्यांची रांग लागली.

यात वाईट काही झालं असं म्हणता येणार नाही. पाण्यानं आपल्या भागात पैसा, शाळा, रस्ते आणले. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. उसाचं रान वर्ष-दीड वर्ष अडकून राहतं, खोडवा घेतला तर आणखी. विहिरींवर विजेचे पंप बसले तशी उरलेली जिरायत जमीनही बागायत झाली. पुढं राहाता भागात पेरूच्या बागा वाढल्या, कुठं द्राक्ष, कुठं डाळिंब. बागेत मेंढरू शिरलं तर कोवळी साल आणि पाला खातं, म्हणून बागांना काटेरी तारांचं कुंपण आलं. ठिबकच्या नळ्या अंथरल्या की त्यावर शेकडो खुरं नाचवता येत नाहीत. दोन पिकांच्या मधली फट महिन्यांवरून दिवसांवर आली.

पोत्यातलं खत

दुसरं कारण खताच्या पोत्याचं. बिहारमधल्या (आताच्या झारखंडातल्या) सिंदरीचा सरकारी खत कारखाना १९५१ साली उत्पादन देऊ लागला. १९६० च्या दशकात मुंबईजवळ तुर्भ्याचा सुरू झाला आणि ‘सुफला’चं पोतं खेडोपाडी पोचलं. त्याच दशकात संकरित ज्वारी आली. तिला लगेच लागू पडणारं नत्र हवं होतं, आणि ते पोत्यात मिळत होतं. १९७७ पासून युरियाच्या किमतीला सरकारी अनुदानाचा टेकू आहे. आजही ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. या किमतीशी वाड्याला बरोबरी करता आली नाही. वाड्याची वाट पाहावी लागते, बोलणी करावी लागतात, रात्रीची राखण असते. पोतं दुकानातून उचललं की झालं.

पण पोत्यात सेंद्रिय कर्ब नसतो. सतत ऊस, भरमसाट पाणी आणि नुसतं रासायनिक खत यांमुळं गोदावरी-प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या कितीतरी जमिनी खारवट-चोपण झाल्या. पाण्याचा निचरा हे त्यावरचं पहिलं औषध आहे. त्याच्या जोडीला सेंद्रिय खत लागतंच, आणि तेच आपण दारातून परत पाठवत आलो.

मेंढरं आहेत, जागा नाही

मेंढरंच संपली म्हणून वाडे उठले, असं पुष्कळांना वाटतं. पशुगणना तसं सांगत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली सुमारे २५ लाख ८० हजार मेंढ्या होत्या. २०१९ साली त्या सुमारे २६ लाख ८० हजार होत्या. मेंढरू राहिलं, त्याची बसायची जागा गेली.

मेंढपाळाच्या बाजूनंही बदल झाले. पोरांना शाळा हवी, बायांना उघड्यावरच्या चुलीचा आणि रात्रीच्या चोरी-लांडग्याच्या भीतीचा कंटाळा आला. कुणी घोड्यांऐवजी टेम्पोतून बिऱ्हाड हलवतं. वाटेवरचे मुक्काम त्यामुळं आणखी तुटले. घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं, लोकरीला भाव राहिला नाही. आज कळप मुख्यतः मटणाच्या भावावर चालतो.

ही अडचण फक्त आपली नाही. स्पेनमध्ये १९९५ साली खास कायदा करून मेंढरांच्या जुन्या वाटा राखल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ रानांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं. कायदे आणि वर्षं आपल्या जागी ठीक आहेत. पण शेतात बसायला जागा शेतकरीच देऊ शकतो.

आपण काय करावं?

जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्यात पिकाचा खर्च आणि मिळणारा भाव यांची तोंडमिळवणी होत नाही हे दुखणं मुळाशी होतं. खताचा खर्च थोडा तरी आपल्या हातात आहे. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा:

१. सगळं रान मोकळं ठेवायला नको. उसाचा शेवटचा खोडवा मोडल्यावर, किंवा गहू-हरभरा निघाल्यावर, एका तुकड्यात दोन-तीन आठवड्यांची फट पीकनियोजनातच धरा.

२. वाड्याच्या कारभाऱ्याशी आधी बोलून रात्री, मोबदला आणि पिण्याचं पाणी ठरवा. चार शेजाऱ्यांनी मिळून ठरवलं तर वाड्यालाही वाट वाकडी करणं परवडतं.

३. ओल्या काळ्या रानात मेंढरं बसवू नका. चिखलात खुरं सडतात आणि जमीनही तुडवली जाते. वाघर रोज थोडी सरकवा, म्हणजे खत सारखं पडेल.

४. मेंढरं उठली की लगेच हलकी पाळी घालून लेंडी मातीआड करा. उन्हात उघडी राहिली तर नत्र उडून जातं.

५. लेंडीतून वेड्या बाभळीचं बी येतं. पहिल्या पावसानंतर रोपं लहान असतानाच उपटा.

६. नुकतं औषध फवारलेलं रान, उघडी पडलेली युरियाची गोणी आणि कोवळी ज्वारी यांपासून मेंढरं लांब ठेवा. तिन्हींनी जनावर दगावतं. असं रान असेल तर मेंढपाळाला आधीच स्पष्ट सांगा.

७. मेंढरं बसवण्याआधी आणि पुढच्या पिकानंतर माती तपासून घ्या. बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे. कर्बाचा आकडा वाढला की नाही ते कागदावरच दिसेल.

जुना काळ होता तसा परत येणार नाही, आणि येण्याची गरजही नाही. पाट वाहता राहू द्या, ऊस-पेरूही राहू द्या. पण वर्षातून चार रात्री एका तुकड्यात वाघर ताणायला जागा ठेवली, तर मेंढपाळाची वाट मोडणार नाही आणि आपली काळी आई उपाशी राहणार नाही. येत्या उन्हाळ्यात वाडा बांधावरून जाताना दिसला तर त्याला हाक मारा.