व्हिममधून कॉपी केलेलं राहतं कुठे?

तर झालं असं. सुट्टीत आसेगावला घरी होते आणि वाशीम ताम्रपटाचा मजकूर टाइप करत होते. वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा हा लेख, काही संस्कृत, काही प्राकृत. दुरुस्त केलेला भाग लिनक्सवरच्या व्हिममध्ये कॉपी केला, फाइल सेव्ह न करताच व्हिम बंद केलं आणि दुसरीकडे पेस्ट करायला गेले, तर काहीच नाही! दोन तास पाण्यात. चूक माझीच, पण कॉपी केलेलं गेलं कुठे?

त्यासाठी 1976 मध्ये जावं लागतं. बिल जॉयने बर्कलीत ‘व्हीआय’ लिहिला तेव्हा समोर होतं एडीएम-3ए टर्मिनल: एक पडदा, एक कीबोर्ड. शेजारी दुसरी खिडकीच नाही, मग पेस्ट करणार कशात? म्हणून व्हीआयने स्वतःचेच कप्पे ठेवले, ए ते झेड. ब्राम मूलेनारच्या व्हिमने (1991) ते तसेच पुढे चालवले. ‘कट-कॉपी-पेस्ट’ मात्र झेरॉक्स पार्कमध्ये लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या ‘जिप्सी’ संपादकातून आलं. म्हणजे ही दोन वेगळी घराणी, आणि आपण त्यांची सोयरीक जुळवू पाहतोय.

खरी गंमत एक्स विंडोची (एमआयटी, 1984). तुम्ही कॉपी करता तेव्हा एक्स मजकूर साठवतच नाही. ‘मालक कोण’ एवढीच नोंद ठेवतो. पेस्ट करताना दुसरा प्रोग्राम मालकाकडे मागतो, मालक देतो. मालकच गेला तर देणार कोण? ताम्रपटातलं दान राजा गेल्यावरही चालायचं, इथे तसं नाही. क्लिपबोर्ड मॅनेजर चालू असेल तर तो आधीच प्रत घेऊन ठेवतो, माझ्याकडे नव्हता.

आता तुमचं बघा. व्हिमची आवृत्ती विचारली की लांबलचक यादी येते. त्यात ‘क्लिपबोर्ड’च्या आधी उणे चिन्ह असेल तर जोडणी होणारच नाही, उबुंटूवर ‘व्हिम-जीटीके3’ टाका. अधिक असेल तर अवतरणचिन्ह, अधिकचिन्ह आणि मग वाय दाबलं की निवडलेला मजकूर बाहेरच्या क्लिपबोर्डवर जातो. नेहमीसाठी सेटिंगच्या फाइलीत क्लिपबोर्डची किंमत ‘अननेम्डप्लस’ करा. निओव्हिमला मात्र एक्सक्लिपसारखा मदतनीस लागतो.

आणि कंट्रोल-झेडने व्हिम नुसतं थांबवून ठेवलं तरी पेस्ट होत नाही बरं का. मालक जिवंत असतो, पण झोपण्याआधी मालकी सोडून देतो.