जलविद्युत्-धरणें आणि बुडालेल्या गांवांचीं दप्तरें

जुनागडच्या शिलालेखांत, महाक्षत्रप रुद्रदामन् यानें वर्ष ७२ (इ. स. १५०) च्या महापुरांत फुटलेला सुदर्शन तलावाचा सेतु पुन्हा बांधविल्याचा वृत्तान्त आहे. पौरजानपदांस कर व विष्टि यांची पीडा न देतां स्वकोशांतून हें काम केलें, असें त्यांत मुद्दाम नमूद आहे. सेतूचा भार कोणावर पडला, हेंही इतिहासांत आलें पाहिजे, हा दंडक त्या प्रशस्तिकारानेंच घालून दिला. सह्याद्रीवरील जलविद्युत्-बांधकामांस तोच लावून पाहण्याचा आमचा हेतु आहे.

टाटांच्या पहिल्या योजनेंत लोणावळें, वळवण व शिरोता येथील तलावांचें पाणी खंडाळ्याकडे आणून, पोलादी नळांनीं सुमारें १७०० फूट खालीं खोपोलीस सोडलें. तेथें नळाच्या तोटींतून सुटणारी धार पेल्टन चक्राच्या पेल्यांवर आदळते, चक्राबरोबर जनित्र फिरतें, आणि काम उरकलेलें पाणी पाताळगंगेस मिळतें. इ. स. १९१५ मध्यें ही वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. विजेचें सामर्थ्य पाण्याचा प्रवाह व पाताची उंची या दोहोंवर अवलंबून असतें. पैकीं उंची येथें कड्यानेंच दिली होती.

मग एवढीं धरणें कशास? याचें कारण, पाऊस चार महिने आणि गिरण्या बारा महिने. उरलेल्या आठ महिन्यांचा सांठा करणें भाग, व त्यास जागा घाटमाथ्यावरील खोऱ्यांतच, म्हणजे भातखाचरांवर. मुळशीस हेंच घडलें. मुळेच्या खोऱ्यांतील मावळ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. पुढें सेनापति बापट त्याचे अग्रणी झाले. तो १९२४ पर्यंत चालला. तथापि धरण पुरें झालें, व १९२७ मध्यें भिरा येथील वीजगृह सुरू झालें.

तेव्हां या विषयाचीं साधनें दोन ठिकाणीं शोधावीं लागतात. यंत्रशास्त्रज्ञांचे नकाशे व मोजणीचीं बुकें हें एक. विस्थापित घराण्यांबरोबर गेलेलीं इनामपत्रें, महजर व वतनाचे कागद हें दुसरें. पहिलीं कचेऱ्यांत जपलीं जातात. दुसरीं वांटण्यांत व वाळवींत नाहींशीं होतात. मुळशीप्रमाणेंच कोयनेच्या शिवसागराखालीं गेलेल्या गांवांचेंही असेंच आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, अशा घरांचा माग काढून निदान नकला तरी करून ठेवाव्या. जलाशयाची कड नकाशावर सांपडते. तिच्या आंत कोणाचें शेत व कोणाचें देऊळ होतें, हें त्या कागदांवांचून कळावयाचें नाहीं.